मला ‘नाही’ ऐकायला शिकवलंच नव्हतं

मी ‘उत्तरे’ बोलतोय. नावावरून मला शहाणा समजू नका. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही. प्रश्नपत्रिकेत उत्तरं छापायची की लपवायची, तेवढं ठरवणारा मी एक पर्याय आहे. हो किंवा नाही, एवढाच माझा संसार. कॉम्प्युटरवाले माझ्यासारख्यांना बूलियन म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्यामुळे एका सरळ बाईवर जो आळ आला, तो काही अशा भारदस्त नावाने धुऊन निघत नाही.

आधी माझं घर कुठे ते सांगतो, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल. पुस्तक म्हणा, प्रश्नपत्रिका म्हणा, छापायची तर तिची कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करावी लागते. ते काम सोपं व्हावं म्हणून कुणीतरी आधीच सूचनांचं एक गाठोडं बांधून ठेवतं. त्याला पॅकेज म्हणतात. आपल्याला काय काय हवं ते फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहायचं. आधी नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग किंमत. अक्षर = १२. समास = २. असे आम्ही सगळे एका ओळीत राहतो. दोन घरांमध्ये भिंत म्हणाल तर एक स्वल्पविराम. एवढ्या पातळ भिंतीतून कुणाचं काय लपणार? मला सगळ्यांचं सगळं माहीत असतं, आणि त्याबद्दल मला अजिबात संकोच वाटत नाही.

माझा जन्म एका सरांच्या जेवणाच्या टेबलावर, रविवारी दुपारी झाला. हे सर परिचारिका घडवणाऱ्या एका संस्थेत शिकवायचे. कुठलं औषध किती द्यायचं, सलाइनचे थेंब मिनिटाला किती सोडायचे, त्याचं गणित. प्रश्नपत्रिका सुबक निघावी ही त्यांची हौस, म्हणून त्यांनी हे पॅकेज स्वतः बांधलं. माणूस हुशार, पण स्वतःच्या हुशारीवर फार लवकर समाधान पावणारा.

त्यांची बायको समोर शेंगा निवडत बसली होती. सर तिला कौतुकाने सांगत होते की उत्तरं छापायची असली की फक्त ‘उत्तरे’ हे नाव लिहायचं, पुढचं पॅकेज बघून घेईल.

“आणि नको असली तर?” तिने विचारलं.

“नको असली तर नावच घ्यायचं नाही.”

“माणसं नको असलेल्याचंही नाव घेतातच की,” ती म्हणाली आणि शेंगांचं ताट घेऊन आत गेली.

सर हसले. झालं, माझं शिक्षण तिथेच संपलं. माझं नाव ओळीत दिसलं की मी ‘हो’ समजायचं. नावाच्या पुढे बरोबरचं चिन्ह घालून कुणी काय लिहिलंय, ते वाचायला मला शिकवलंच नाही.

तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? तुम्ही चहावाल्याला म्हणालात, साखर नको. त्याने ‘साखर’ तेवढं ऐकलं आणि दोन चमचे घातले. तुम्ही दुसऱ्यांदा त्याच्याकडे जाल का? पण माझ्या बाबतीत हेच केलं आणि त्याला नीटनेटकी रचना म्हणाले.

बरं, शेजारी असे अडाणी नव्हते. समासाला कुणी आकड्याऐवजी भलतंसलतं लिहिलं तर तो लगेच काम थांबवायचा आणि पडद्यावर लाल अक्षरात ओरडायचा, मला आकडा द्या म्हणून. मापाच्या पर्यायांची एवढी बडदास्त. हो-नाहीवाल्यांचं मात्र कुणी मनावर घेत नाही. दोनच तर शब्द, त्यात काय शिकवायचं, असं सगळ्यांना वाटतं. पलीकडे ‘तारीखनको’ नावाचा एक होता. सरांना एकदा तारीख नकोशी झाली, म्हणून त्याचं नावच तसं ठेवलं. आता तारीख हवी असेल तर ‘तारीखनको = नाही’ असं लिहावंसं वाटणार की नाही? नकोला नाही. वाचणाऱ्याचं डोकं फिरतं. आणि त्यालाही पुढचं ऐकू येत नव्हतंच. आम्ही दोघं भावंडं. एकाच बापाने एकाच कंटाळ्यात घडवलेली.

पुढे सरांनी पॅकेज संस्थेला दिलं आणि मी जुळणीच्या खोलीत राहायला गेलो. म्हणजे सरांच्या लॅपटॉपवरही होतो आणि इथेही. आमचं असंच असतं, आम्ही एका वेळी दोन घरी नांदतो.

खोली म्हणजे जिन्याखालची एक अरुंद जागा. एक कॉम्प्युटर, एक मोठा प्रिंटर, कागदांचे गठ्ठे आणि मागच्या पायाखाली दुमडलेला पुठ्ठा घातलेली एक डुगडुगती खुर्ची. त्या खुर्चीवर बसायची ती ताई. सगळी संस्था तिला ताईच म्हणायची, तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे छपाईकाकासुद्धा. छपाईकाका म्हणजे प्रिंटर सांभाळणारा माणूस, बोलायला कमी आणि खोकायला जास्त.

ताईचा हात स्वच्छ. एक टिंब इकडचं तिकडे गेलं तर तिला जेवण जायचं नाही. आणि टिंबाला महत्त्व आहे हो तिथे, अडीच मिलीचे पंचवीस मिली झाले तर माणूस जायचा. ती प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचायची, ओठ हलवत.

सुरुवातीची दोन वर्षं ती दोन फाइली करायची. परीक्षकांच्या प्रतीसाठी एक, त्यात माझं नाव. मुलींच्या प्रतीसाठी दुसरी, त्यात नाव नाही. त्यामुळे माझं बहिरेपण कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकदा एका फाइलीतला प्रश्न सुधारला आणि दुसरीतला राहिला. संस्थेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या रागावल्या. यापुढे एका पेपरची एकच फाइल, असा हुकूम निघाला.

ताईने शहाण्या माणसाने करावं तेच केलं. वरच्या ओळीत ‘उत्तरे = हो’ लिहून परीक्षकांची प्रत काढली. मग ‘हो’ खोडून तिथे ‘नाही’ लिहिलं, म्हणजे पुढे कुणी फाइल उघडली तर त्याला लख्ख दिसावं की ही मुलींची प्रत. ती शेवटच्या वर्षाची मोठी परीक्षा होती, अठ्ठेचाळीस मुलींची.

आता तुम्ही म्हणाल, छापलेलं तिने बघितलं नाही का? नाही बघितलं, कारण बघायची बंदी होती. पूर्वी कधीतरी कुणाच्या खांद्यावरून कुणी पेपर वाचला होता. तेव्हापासून नियम असा की परीक्षकांची प्रत एकदा तपासून मंजूर झाली, की मुलींची प्रत पडद्यावर उघडायची नाही. मोठ्या बाई शेजारी उभ्या राहणार, फाइल थेट प्रिंटरला जाणार, कागद पालथे बाहेर येणार. छपाईकाका कोऱ्या बाजूने मोजणार, पाकिटात घालणार, वर लाख लावणार. चोरी होऊ नये म्हणून एवढी काळजी, की चूक होत असली तरी ती कुणालाच दिसू नये.

मोजणीतही काही कळलं नाही. उत्तरासाठी पानावर रेघा सोडलेल्या असतात, मी त्याच रेघांवर उत्तर छापतो. पानं तेवढीच राहतात.

परीक्षेच्या खोलीत काय झालं ते मी नंतर बोलण्यातून ऐकलं. अकरा वाजता पाकीट फोडलं, पेपर वाटले. पाच मिनिटं सगळ्या जणी पानं उलटत राहिल्या. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, यात आम्ही काय लिहायचं?”

परीक्षा रद्द झाली. अठ्ठेचाळीस मुलींची वर्षभराची मेहनत लटकली, त्यांच्या घरचे दारात येऊन उभे राहिले. आणि त्या अठ्ठेचाळिसांत एक ताईची नणंद होती.

मग काय विचारता! जिन्यावरून जाणारा येणारा प्रत्येक जण बोलून जायचा. वहिनीने नणंदेसाठी पेपर फोडला म्हणे. सहा वर्षं जिच्या हातून एकही पेपर फुटला नाही, तिला दोन दिवसांत पेपर फोडणारी ठरवून मोकळे झाले. मी ओळीत बसून सगळं ऐकत होतो. रागाने माझा नुसता जाळ होत होता, पण मी बोलणार कसा? माझं बोलणं म्हणजे छापलेला कागद. एकटे छपाईकाका बोलले. “एकीसाठी फोडायचा तर अठ्ठेचाळीस जणींना कोण वाटेल?” म्हणाले आणि खोकत बसले. पण काकांचं कोण ऐकतो!

ताईला कारणे दाखवा असं पत्र आलं. तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू. नणंदेचं प्रशिक्षणही त्या चौकशीवर अडकवून ठेवलं. घरी दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, हे ताईनेच काकांना सांगितलं. पोर म्हणते, वहिनी, तू केलं नाहीस हे मला माहीत आहे, पण वर्गातल्या मुली माझ्या शेजारी बसत नाहीत.

आता जे सांगतोय ते ऐकून तुमचंही डोकं तापेल. परीक्षा रद्द झाली त्याच संध्याकाळी सरांनी घरी लॅपटॉप उघडला. ‘उत्तरे = नाही’ लिहून बघितलं. उत्तरं धडाधड छापली गेली. मग त्यांनी मला दुरुस्त केलं. चार ओळींचं काम होतं हो, चार ओळींचं! इतकी वर्षं चार ओळी लिहायचा कंटाळा. आता मला बरोबरच्या चिन्हापुढचं ऐकू येऊ लागलं. लॅपटॉपवरचा मी बरा झालो. संस्थेतला मी तसाच बहिरा राहिलो. आणि सरांनी हे कुणालाही सांगितलं नाही.

ते दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. पण चूक दुरुस्त केली की ती कधी झालीच नव्हती, असं वाटणारी माणसं असतात, त्यांतले ते.

चौथ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत चौकशी बसली. ताईची फाइल उघडली, तिच्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं. मोठ्या बाईंनी सरांना विचारलं की असं लिहिल्यावर काय होतं. सरांनी आपला लॅपटॉप पुढे केला आणि फाइल चालवून दाखवली. स्वच्छ कोऱ्या रेघा आल्या. एक उत्तर दिसेना.

मोठ्या बाईंचा चेहरा घट्ट झाला. म्हणजे त्या दिवशी ताईने ‘हो’च ठेवलं होतं आणि नंतर अंगावर येऊ नये म्हणून फाइलीत ‘नाही’ करून ठेवलं, असा त्याचा अर्थ निघाला. निष्काळजीपणा तर होताच, वर लबाडी. सर नुसता चष्मा पुसत राहिले. अहो, किती पुसायचा चष्मा?

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही आलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, “सरांच्या मशीनवर नको, बाई. ज्या मशीनवर पेपर छापला, त्याच्यावर चालवा.”

“फरक काय पडणार आहे?”

“ते मला नाही माहीत. मी जुळणी शिकलेय, कॉम्प्युटरच्या पोटातलं मला कळत नाही. पण ज्या पातेल्यात दूध नासलं ते पातेलं बघायचं सोडून शेजारणीचं घासलेलं पातेलं कशाला बघताय?”

सर घाईने म्हणाले की त्याची काही गरज नाही, पॅकेज एकच आहे. पण काका दारात उभे होते. ते म्हणाले, “पाच मिनिटांचं काम आहे, चला,” आणि जिना उतरायला लागलेसुद्धा.

जिन्याखालच्या खोलीत चौघं दाटीवाटीने उभे राहिले. ताईने फाइल उघडली. मोठ्या बाईंना म्हणाली, तुम्हीच लिहा. बाईंनी माझ्यापुढचा शब्द पुसला आणि एका बोटाने स्वतः लिहिला, ‘नाही’. पुन्हा वाचून बघितला. मग बटण दाबलं.

मला ते ऐकू आलं नाही. येणारच नव्हतं. पण त्या क्षणी मी देवाची प्रार्थना केली की आजच्या दिवस मला कुणी बरं करू नये. आयुष्यभर ज्या खोडीची लाज वाटली, ती आज भर लोकांत दिसू दे. एका बाईची अब्रू माझ्या बहिरेपणावर टांगली होती. प्रिंटर घरघरला. काकांनी सवयीने पालथा कागद उचलला आणि सुलटा करून टेबलावर ठेवला.

पहिला प्रश्न. उत्तर छापलेलं. दुसरा प्रश्न. उत्तर छापलेलं. शेवटपर्यंत.

 मग सर हळूच म्हणाले, “मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं. घरी.”

“दुरुस्त केलं म्हणजे आधी बिघडलेलं होतं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि हे तुम्ही वर माझ्या खोलीत बसून सांगितलं नाहीत.”

“लाज वाटली.”

“मग ताईंना काढलं असतं तरी वाटली असती का?”



नंतर मलाही नीट करायचं ठरलं, आणि या वेळी ताईला शेजारी बसवून. सर म्हणाले, हो आणि नाही असे दोन शब्द ओळखू दे, बास. ताईने विचारलं, कुणी घाईत ‘नाहि’ लिहिलं, किंवा ‘नको’ लिहिलं, तर हा काय समजणार? सर म्हणाले, तेव्हा तो ‘नाही’ असंच समजेल. “समजायचं कशाला?” ताई म्हणाली. “कळलं नाही तर काम थांबवा आणि विचारा. मनाने ठरवू नका.” सरांनी तसं केलं. त्या पालथ्या कागदांचा नियमही बदलला. आता लाख लावण्याआधी मोठ्या बाई एक प्रत सुलटी करून बघतात. ‘तारीखनको’चं नाव बदलून नुसतं ‘तारीख’ ठेवलं, तोही जरा माणसांत आला.

फेरपरीक्षेला ताईने माझ्यापुढे ‘नाही’ लिहिलं आणि मी ते ऐकलं. गप्प राहिलो. गप्प राहणं हेही काम असतं, हे मला तेव्हा कळलं. नणंद पास झाली. दुसऱ्या प्रयत्नात नव्हे, पहिल्याच खऱ्या प्रयत्नात, असं ताई सगळ्यांना मुद्दाम सांगते, आणि बरोबर सांगते.

पण माझा राग अजून उतरला नाही, आणि का ते ऐका. काही दिवसांनी ताईला पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, ‘सदर प्रकरण निकाली काढण्यात आले आहे.’ एवढंच. निकाली काढलं म्हणजे काय? ती चुकली होती पण सोडून दिलं? की चुकलीच नव्हती? ज्याला जसं हवं तसं त्याने समजावं? सहा ओळींचं पत्र, सही, शिक्का, सगळं होतं, फक्त तेवढं नव्हतं.

ताईने पत्र दोनदा वाचलं, बोट ठेवून, ओठ हलवत. मग ते घेऊन जिना चढली. काका कागद सरळ करायचं निमित्त करून मागोमाग गेले, म्हणून मला हे कळलं. ताईने पत्र टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “बाई, पेपर फुटला यात माझी चूक होती का? हो किंवा नाही, यातलं एक लिहा.”

मोठ्या बाई म्हणाल्या की ताई, कागदोपत्री असंच लिहायची पद्धत आहे, सगळ्यांना माहीत आहे तुमची चूक नव्हती. ताई म्हणाली, सगळ्यांना आधीही बरंच काही माहीत होतं. आणि उभीच राहिली.

बाईंनी थोड्या वेळाने पेन उघडलं. ताईने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा पत्राच्या खाली लिहिला. त्याच्यापुढे लिहिलं, ‘नाही’. आणि खाली सही केली, तारखेसकट.

आज मी जिन्याखालच्या त्याच खोलीत आहे. तब्येत चांगली, कान ठणठणीत. तुमच्यापैकी कुणी जर माझ्यासारखे हो-नाहीचे पर्याय घडवत असेल, तर हात जोडून एवढंच मागतो: आम्हाला दोन्ही शब्द शिकवा. आमचं नाव सरळ ठेवा. आणि आम्हाला कळलं नाही तर विचारायची मुभा द्या. तुमच्यासाठी त्या चार ओळी असतील. पण त्या चार ओळींच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी डुगडुगत्या खुर्चीवर बसून, विश्वासाने, ‘नाही’ लिहीत असतं.